विहिरीवरचा फोकस

दादानं विहिरीजवळ मोठा फोकस लावला. डुकरांसाठी लावला असं तो म्हणाला, आणि माझा त्यावर क्षणभरही विश्वास बसला नाही.

हा माझा स्वभाव आहे, आणि स्वभावात जे कमी होतं ते नोकरीनं भरून काढलं. पुण्याकडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात मी अठ्ठावीस वर्षं काढली. समोर आलेला सुटा भाग बरोबर असेल असं धरून चालायचं नाही. तो चुकलेला आहे असंच धरायचं, मापून बघायचं, आणि नाहीच चूक सापडली तर नाइलाजानं शिक्का मारायचा. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना मी हेच माप लावते, असं माझी मुलगी म्हणते. जावयाबद्दल ती म्हणते ते खरं नाही. भाजीवाल्याबद्दल आहे.

शेत बाबांचं. सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, साडेचार एकर. उत्तरेला डोंगर आणि जंगल, त्यामुळे त्या बाजूला नजर जाईल तिथवर एक दिवा नाही. दक्षिणेला गावाचा उजेड दिसतो, पण तोही क्षितिजावर वीतभर. मी तिथे तारे बघायला जाते. हे सांगितलं की पुण्यातले लोक कौतुकानं मान हलवतात आणि माहेरचे लोक पुढच्या वाक्याची वाट बघतात, कारण एवढ्यासाठी कोणी दहा-बारा तासांचा प्रवास करत नाही, खरं कारण वेगळंच असणार. तसं बघितलं तर संशयी स्वभाव मला माहेरातूनच मिळाला.

नाद लागला तो उशिरा. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं त्याच्या गच्चीवर आम्हाला दुर्बिणीतून चंद्र दाखवला, आणि मी घरी येऊन रात्रभर जागी राहिले. पुढे स्वतःच्या गच्चीवरून बघायला लागले, तर वीस-पंचवीस तारे, आणि त्यातली दोन विमानं निघायची. तेव्हा माहेरच्या आकाशाची आठवण झाली. आठवण झाली म्हणते खरी, पण आठवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी ते आकाश कधी बघितलंच नव्हतं.

ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडे जागल सुरू व्हायची. पाखरं दिवसा आणि जनावरं रात्री, म्हणून कोणीतरी रात्रभर शेतात राखणीला लागायचं. बाबा आणि दादा घोंगड्या घेऊन जात आणि मचाणावर झोपत. मी एकदा बरोबर जायचा हट्ट धरला तर आई म्हणाली, "पोरीच्या जातीले रातच्याला काय काम आहे वावरात?" सकाळी दादा डोळे चोळत यायचा आणि उगाच भाव खायचा. काय पाह्यलं रे, असं मी विचारलं की म्हणायचा, "तुले नाही समजत ते." मग माझं लग्न झालं. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा रात्री स्वतःच्या बापाच्या शेतात पाऊल टाकलं.

त्या पहिल्या रात्रीबद्दल लिहायचं तर मला फार काही लिहिता येत नाही. पौषातली अमावस्या होती. दादानं विहिरीपासून थोडं दूर खाट टाकून दिली होती, वहिनीनं डब्यात भाकर, ठेचा आणि दाण्याची चटणी बांधली होती. मी खाटेवर आडवी झाले आणि वर बघितलं, आणि मला हसू यायला लागलं. एवढे तारे असतील असं कोणी सांगितलंच नव्हतं. कृत्तिकांचा झुबका हाताला लागेल इतका जवळ वाटत होता. आकाशगंगेचा पट्टा खरोखरचा दिसतो, पुस्तकात रंगवलेला नसतो, हे मला त्या वयात कळलं. मला आनंद झाला, अगदी पोरीसारखा, आणि थोडा रागही आला की हे एवढी वर्षं दादा एकटाच बघत होता. दादा तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठी मांडीवर घेऊन बसला होता आणि डुलक्या घेत होता.

दोन वर्षं अशी फार चांगली गेली. हिवाळ्यात दोनदा-तीनदा, अमावस्येच्या आगेमागे, मी जायची. मग बाबा गेले.

आई आधीच गेली होती, म्हणून बाबांच्या मागे वारस म्हणून सातबाऱ्यावर दादाचं नाव लागलं आणि त्याच्याखाली माझं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची रीत आहे. तालुक्याला जाऊन कागदावर सही, अंगठा, फोटो. मग भाऊ साडी घेतो, जेवू घालतो आणि माहेर पुढे चालू राहतं. सही न देणाऱ्या बहिणीचंही माहेर चालू राहतं असं म्हणतात, पण मी तसं एकही पाहिलेलं नाही.

मी सही देणारच होते. शेतात मला काय करायचं होतं? दादानं मागितली असती तर त्याच दिवशी दिली असती. पण तो मागायला लाजत होता आणि मी आपण होऊन विषय काढायला. असं वर्ष गेलं. न काढलेला विषय घरात राहतो आणि त्याला रोज थोडं थोडं खायला मिळतं. मी आले की वहिनी आधीपेक्षा गोड बोलायला लागली. दर खेपेला खण, दर खेपेला पुरण. पुरण खाताना माझ्या मनात पाल चुकचुकायची की हे पुरण माझ्यासाठी आहे की सहीसाठी. वाईट विचार होता, पण होता.

आणि त्याच वर्षी मी दुर्बीण विकत घेतली.

आरशाची दुर्बीण, तीन पायांच्या स्टँडवर बसणारी. तिच्या मोठ्या नळीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण असते. तारा आधी लहानीत शोधायचा, मग तो मोठीत दिसतो. पण त्यासाठी दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघत आहेत ना, हे दिवसाउजेडी जुळवून घ्यावं लागतं. दूरची एखादी न हलणारी वस्तू मोठीत मधोमध धरायची, मग लहानीचे स्क्रू फिरवत तीच वस्तू तिच्याही मधोमध आणायची. शेतात दूरची आणि न हलणारी वस्तू कोणती? वायव्येच्या कोपऱ्यात धुऱ्याचा दगड होता, बाबांनी चुना लावून पांढरा केलेला. हरभऱ्याच्या हिरव्या रानात तो ठळक दिसायचा. मी विहिरीजवळ स्टँड उभं केलं आणि अर्धा तास त्या दगडावर नळी रोखून बसले. मग सवयीनं वहीत लिहिलं: वायव्येचा दगड, बरोबर मध्यभागी.

शेताची मोजणी करायला माणसं येतात तेव्हा त्यांचं यंत्रही तीन पायांवर उभं असतं, आणि तीही असाच एक डोळा मिटून कोपऱ्यातल्या दगडाकडे बघतात. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी मात्र डोक्यात आलं नाही.

रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "ताई, तो कोपऱ्याचा दगड पाह्यत होत्या म्हणे तुम्ही?"

"नळी जुळवत होते वहिनी. रात्री तारे सापडावे म्हणून."

"हाव का," वहिनी म्हणाली. फेरीवाल्यानं भाव सांगितल्यावर बायका म्हणतात, तसं.

मी हसले. तेव्हा हसायला नको होतं. दादा ताटात बघून जेवत होता, त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी माझी वही पिशवीत होती तशीच होती, पण पेन वहीच्या उजवीकडे खोचलेलं होतं. मी डावीकडे खोचते. तेही मी लक्षात ठेवलं.

पुढची खेप पौष अमावस्येची. संध्याकाळी मी दुर्बीण घेऊन शेतात पोचले तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता, आणि पंपाच्या पेटीजवळ एक नवा लोखंडी पाइप उभा होता, त्याच्या टोकाला एलईडीचा फोकस. अंधार पडला तसं दादानं बटण दाबलं. शेत दुधासारखं पांढरं झालं. मी वर बघितलं तर नुसतं काळं, पुण्यासारखंच.

"दादा, हे काय?"

"डुकरं येऊन राह्यले, बाई. हरभरा सारा उलथून टाकतेत."

"दोन तास बंद ठेव ना. मी जागीच आहे."

"डुकरं काय तुह्या घड्याळानं येतेत का?"

त्या रात्री मी खाट ओढत शेताच्या दुसऱ्या टोकाला नेली. उजेड मागे आला. तुरीच्या ओळीआड बसले, तर डोक्यावरचं आकाश तरी कुठे अंधारं होतं? डोक्यावरून काळं कापड घेऊन दुर्बिणीला डोळा लावला, तरी डोळा अंधाराला सरावेना. पुण्यात वीज गेली की मी सगळ्यात आधी ओरडते. त्या रात्री मी लाईन जावी म्हणून देवाला हात जोडले. दहाच्या सुमाराला लाईन खरंच गेली. पाऊण तास गेली. त्या पाऊण तासात मी देवयानीतली दीर्घिका बघितली, कृत्तिका बघितल्या, आणि लाईन परत येईल या धास्तीनं त्यातलं काही नीट बघितलं नाही. मग फटकन उजेड झाला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. तीही वऱ्हाडी.

सकाळी उठून मी तपासणी केली. रानडुक्कर हरभऱ्यात आलं की माती नांगरल्यासारखी उलथते, झाडं मुळासकट पडलेली दिसतात. मी चारही धुरे फिरून आले. एक खूर उमटलेला नव्हता, एक घाटा खाली पडलेला नव्हता. मग फोकसकडे बघितलं. हरभरा विहिरीच्या पश्चिमेला. फोकसचं तोंड पूर्वेला, जिथे माझी खाट असते तिथे. संशयाला पुरावा लागतो, म्हणून मी पाइपच्या बुडापासून खाटेच्या जागेपर्यंत पावलं टाकली. बावीस. हरभऱ्याच्या पहिल्या सरीपर्यंत टाकली. एकोणचाळीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले. मान वर केली तर दादा तुरीच्या कडेला उभा राहून माझ्याकडे बघत होता. हातात विळा होता, पण कापत काही नव्हता. मी बघते आहे म्हटल्यावर खाली वाकून गवत ओढायला लागला.

चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं. मला वाटलं, पकडला. त्यालाही तेच वाटत असेल, हे कळायची अक्कल मला त्या वेळी नव्हती. तो मला घालवायला बघतोय, एवढाच हिशेब मी केला. सही नाही तर अंधार नाही. माझ्याच बापाच्या शेतात, माझ्याच भावानं, माझ्या डोक्यावर दिवा लावला. दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही, आणि वहिनीनं वाढलेलं पुरण तसंच ठेवलं. एवढी वर्षं पुण्यात माझ्या "मले-तुले"वर लोक हसले तेव्हा मला इतका राग आला नव्हता.

दुसऱ्या रात्री फोकस होताच. मी हट्टानं खाट त्याच्या समोरच टाकली, दुर्बीण उभी केली आणि काहीही न बघता बसून राहिले. अकराच्या आसपास दादा काठी घेऊन आला. फोकसभोवती किडे घोंघावत होते. तो खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला. बराच वेळ काठीनं माती टोकरत राहिला.

"बाई, एक विचारू? राग नको येऊ देजो."

"विचार."

"कितीक भरलं?"

"काय कितीक भरलं?"

"वावर," दादा म्हणाला. "त्या दगडापासून मोजलं ना तू, मांगच्या टायमाले. आज सकाळी पावलं टाकले. वहीत लिहून ठेवलं. मी काय आंधळा आहे का?"

माझी वाचा जी सुटली ती कारखान्यात कोणी ऐकली नसेल अशी. "मी वावर मोजून राह्यली? तू माह्या डोक्यावर हंडाभर उजेड ओतून राह्यला, आणि मी मोजून राह्यली? मले एक डुक्कर दाखव आधी! एक! खूर दाखव त्याचा!"

"तू लय शिकलेली. सरळ सांगतलं असतं त मी काय नाही म्हणलो असतो का?"

"काय सांगायचं होतं?"

"वाटा पाह्यजे म्हणून."

मी उठले. नळी फिरवली आणि वायव्येच्या दगडावर रोखली. फोकसचा जो काही उजेड तिथवर पोचत होता त्यात चुना दिसत होता. "ये इकडे. पाह्य. एक डोळा मिट आणि पाह्य."

दादा आला. वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या दुर्बिणीला डोळा लावला.

"उलटा दिसून राह्यला," तो म्हणाला. "गवत वर, दगड खाली लटकलेला."

"हाव. ताऱ्याला वरखाली नसते, म्हणून चालते. उलट्या यंत्रानं कोणी वावर मोजते का?"

तो अजून वाकलेलाच होता. आधी त्याची पाठ हलली, मग आवाज आला. हसत होता. मीही हसले, रडवेली झाले होते तरी हसले. "वहिनी म्हणे, तलाठ्यासंग बोलून आली असशीन तू," तो म्हणाला. "मी म्हणलं असंन." एवढं बोलून तो पंपाच्या पेटीकडे गेला आणि त्यानं बटण बंद केलं.

एकदम काही दिसेना. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, असं मी त्याला सांगितलं, आणि आम्ही खाटेवर शेजारी बसून राहिलो. बहीण-भाऊ म्हणून आम्ही इतका वेळ असे नुसते बसलो त्याला चाळीस वर्षं झाली असतील. हळूहळू एकेक तारा यायला लागला. दादानं वर बघितलं आणि म्हणाला, "साडेअकरा झाले असतीन." मी घड्याळ बघितलं. अकरा पस्तीस.

"कसं कळलं?"

"तिकांडं पाह्य ना." मृगाच्या पट्ट्यातले एका ओळीतले तीन तारे, ते तिकांडं. "डोक्यावरून इतकं कललं की बाबा मले उठवत. मंग बाबा झोपत अन् मी जागा राहो." मग त्यानं ईशान्येला हात केला. सप्तर्षी नुकते वर येत होते. "हे खाटलं. चार तारे म्हंजे म्हातारीच्या खाटेचे चार पाय, मांगचे तीन म्हंजे चोर. म्हातारीची खाट चोरून नेऊन राह्यले रातभर, पण ध्रुवाच्या भवतीच फिरतेत."

पोरपणी मी विचारलं तेव्हा यातलं त्यानं मला काहीएक सांगितलं नव्हतं. आता सांगत होता. मी नळी तिकांड्याच्या खाली नेली आणि त्याला बोलावलं.

"हे धुकट काय आहे?"

"तिथं नवे तारे तयार होऊन राह्यले."

"अजून?"

"अजून."

तो हलेचना. "पाह्य आता," असं स्वतःशीच म्हणाला. दोनदा डोळा चोळून पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, सुटलो आपण. एवढा अंधार आणि हा माणूस, यापेक्षा मला माहेरचं काही नको होतं. सही तर मी उद्याच्या उद्या देणार होते. उठल्या उठल्या सांगायचं असं मी ठरवूनही टाकलं.

दादा खाटेवर परत येऊन बसला. घोंगडी माझ्या पायांवर सारली. खुशीत होता.

"बाई, मंग उद्या तालुक्याले जाऊन येऊ का? कागद करून ठेवला आहे. दिवाईपासून तयार आहे. फकस्त तुही सही अन् फोटो."

दिवाळीपासून. फोकस पौषात लागला. मी मनात महिने लावायला लागले, नको नको म्हणताना लावायला लागले. मघाशी त्यानं बटण बंद केलं ते हसू आलं म्हणून, की आता विषय काढायला बरं पडेल म्हणून? तिकांडं, खाटलं, म्हातारी, हे माझ्यासाठी होतं का? असा विचार करणाऱ्या बाईची मला त्या वेळी किळस आली. पण ती बाई गप्प बसेना.

"आणि फोकस?" मी विचारलं.

"कागद झाला की काढून टाकतो," दादा म्हणाला. "मंग कायले पाह्यजे तो?"

त्यानं हे अगदी सरळ मनानं सांगितलं. काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अठ्ठावीस वर्षांत माझे कितीतरी संशय खरे निघाले, आणि दर वेळी थोडं समाधान वाटलं. या वेळी ते वाटलं नाही.

मग तो म्हणाला, "हे घर तुहंच आहे, बाई. कधीबी येजो. तुले कोण नाही म्हणते?"

"घर नको," मी म्हटलं. "वावर म्हण."

"म्हंजे?"

"हे वावर तुहंबी आहे, असं एकदा म्हण. बाबांचं होतं, माहं आहे, अन् तुहंबी आहे. एवढंच. उद्या सकाळी सही करते. माती नको मले, पीक नको, साडी नको. कागदावरून नाव काढून टाक. फकस्त एकदा तोंडानं म्हण."

मला खरंच वाटत होतं की तो म्हणेल. काय जात होतं त्याचं? ऐकायला कोणी नव्हतं. साक्षीदार नाही, शिक्का नाही, वहीसुद्धा मिटलेली. तो म्हणाला असता आणि मी दुसऱ्या दिवशी अंगठासुद्धा दिला असता, पुढे दर हिवाळ्यात पाहुणी म्हणून आले असते आणि त्यात मला कमीपणा वाटला नसता.

दादानं तोंड उघडलं. मला अंधारात त्याचा श्वास ऐकू आला. मग त्यानं ते मिटलं. काठी उचलली, खाली ठेवली. त्याला राग आला नव्हता, हे मी नक्की सांगते. तो शोधत होता, आणि त्याला ते शब्द सापडत नव्हते. बाबांनी त्याला पीक कसं राखायचं ते शिकवलं, तारे बघून वेळ सांगायला शिकवलं. हे वाक्य घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं, तर तो आणणार कुठून? हे मला तेव्हाही कळत होतं. कळून राग कमी होतो असं नाही.

तिकांडं बरंच खाली गेलं. मग तो उठला. "थंडी सुटली," म्हणाला. स्वतःच्या अंगावरची दुसरी घोंगडीही त्यानं माझ्या खांद्यावर टाकली आणि धुऱ्यानं घराकडे निघाला. त्याची बॅटरी हलत हलत तुरीच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. पेटीजवळून जाताना त्यानं बटणाला हात लावला नाही.

एवढा काळोख मला आजवर मिळाला नव्हता. मी नळी फिरवून आयपीसला डोळा लावला. डोळा ओला असला की ती काच धुरकटते. पुसली की क्षणभर तारे दिसतात आणि परत धुरकटते. चार-पाच वेळा पुसली. मग झाकण लावलं आणि उजाडेपर्यंत खाटेवर बसून राहिले.

सकाळच्या गाडीनं मी निघाले. दादा फाट्यापर्यंत दुर्बिणीची पेटी डोक्यावर घेऊन आला, खिडकीतून आत सरकवून दिली आणि पोचल्यावर फोन करजो म्हणाला. सही मी केलेली नाही. वहिनी नातेवाइकांत सांगते की ताईला वाटा पाहिजे, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच नवल वाटत नाही. तिला काय सांगू? वाटा मला कधीच नको होता. ते वाक्य मला अजून हवं आहे.